खालच्या चाकाची खूण

सकाळपासून सुनंदा आखातातल्या मीना सलमान बंदराजवळच्या एका गॅरेजात स्टुलावर बसून होती. समोर बॉनेट उघडून विठ्ठलची, तिच्या नवऱ्याची, जुनी डिझेल पिकअप. विठ्ठल पाठीचं ऑपरेशन होऊन सनाबिस भागातल्या त्यांच्या खोलीत पडलेला. उद्या साठ माणसांचे डबे तिलाच पोचवायचे होते, आणि इंजिनाची चाकं जुळवून फिरवणाऱ्या टायमिंग बेल्टला तर चिरा पडलेल्या.

रहिमतुल्ला मिस्त्रीने आधीच बजावलं होतं, "भाभी, एक दाँता इधर-उधर हुआ, तो वॉल्व पिस्टन से टकराएगा. इंजन खलास." आणि असलं इंजिन आता मिळणार कुठे?

जुना बेल्ट निघाला. वरची दोन्ही चाकं खुणेवर बसली. खालचं दातेरी चाक पान्याने फिरवत त्याने त्यावरचा लाल ठिपका इंजिनावरच्या खुणेसमोर आणला.

"किसी पुराने मिस्त्री ने रंग लगाया है. अपना काम आसान."

नवा बेल्ट चढला, आवळला गेला. तो चावीकडे वळला, तेव्हा सुनंदाने वाकून तो ठिपका पाहिला, आणि तिला तो ओळखू आला.

दर खंडेनवमीला विठ्ठल बॉनेट उघडायचा. "हिच्याच जिवावर जेवतो आपण," म्हणायचा. खालचं कव्हर तुटून तीन वर्षं झाली होती. गेल्या खेपेला तिनेच हात आत घालून, बोट पोचलं तिथे, तेलातला शेंदूर टेकवला होता.

"चावी मत लगाओ, भाईसाब! वो रंग नहीं, शेंदूर है. पूजा का. मैंने लगाया."

रहिमतुल्ला खो खो हसला. "इंजन को भी बिंदी? भाभी, पच्चीस साल से यही काम करता हूँ."

"और मैं पच्चीस साल से रोटी बेलती हूँ. फिर भी पहली रोटी तवे पर डालके देखती हूँ. पहले हाथ से घुमाओ. नहीं तो पाना इधर दो."

त्याने दिला नाही, तेव्हा तिनेच उचलला. पदर खोचला आणि चाक हळूहळू फिरवलं. अर्धा फेराही झाला नाही तोच पाना दगडाला टेकल्यासारखा अडला. रहिमतुल्लाने स्वतः फिरवून पाहिलं. त्याचं हसू मावळलं.

"बच गए," तो पुटपुटला. "चावी मारता, तो सब टेढ़ा."

मग त्याने पाना हातात घेतला. बेल्ट सैल केला. सुनंदाने फडकं रॉकेलात बुडवून चाक घासलं. शेंदूर गेला, काळं वंगण गेलं, आणि चार दाते पलीकडे खरी खूण, तिळाएवढी खाच, दिसली.

एवढ्यात फोन वाजला.

"काय गो, झाली गाडी?" विठ्ठल.

"होतेय. तुम्ही आधी गोळी घ्या."

बेल्ट पुन्हा चढला. हाताने दोन पूर्ण फेरे, तिने मोठ्याने मोजून करवून घेतले. चाक कुठे अडलं नाही, सगळ्या खुणा जागेवर आल्या. मग चावी. इंजिनाने काळा धूर ओकला, ते खोकलं, आणि एका सुरात चालू लागलं.

"यल्ला, चलो भाभी," रहिमतुल्ला कपाळ पुसत म्हणाला, "अब आप ही दुकान सँभालो."

"आधी साठ डबे जाऊ द्या," ती मराठीतच म्हणाली आणि गाडीत बसली. वाटेत पिठाच्या दुकानाशी तिने गाडी थांबवली, पण पुन्हा चालू होईल न होईल म्हणून इंजिन बंद केलं नाही. पोतं मागे टाकलं आणि पुन्हा स्टिअरिंग धरलं.