पाणीबाबा आणि पंपाचं बटण

वहिनी आणि तिच्या दिराच्या मासे पाळायच्या शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मोठ्या टाकीभोवती माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत होती आणि मधोमध पाणीबाबा तांब्या घेऊन उभे होते. "यंत्र बंद करा! माशांच्या कानी मंत्र पडू द्या!" पाण्यात हवा सोडणारा पंप दिराने आपल्या हाताने, वर नमस्कार करून, बंद केला.

बघता बघता मासे वर आले आणि तोंडं वासून धापा टाकू लागले. "रोग बाहेर पडतोय!" बाबा गरजले. मग पाणी शिंपडलं, मंत्र आटोपला, पंप लागला आणि मासे हळूहळू पोहू लागले. लोकांनी बाबांचे पाय धरले.

वहिनी मात्र पाया पडायला पुढे झाली नाही. याच टाकीतले बहुतेक मासे रोगाने गेले होते, तिनेच ते उपसून पुरले होते. आता बाजूच्या हौदात नवी पिल्लं होती. तीही गेली तर शेडला कुलूप!

"पिल्लं आजच या टाकीत सोडा," बाबा म्हणाले. "लस टोचाल तर माझं पाणी बाटेल."

दिराने जाळी उचललीसुद्धा. मासळीची डॉक्टरीण लसीचा बर्फाचा डबा घेऊन कोपऱ्यात उभी होती.

"भावजी, थांबा," वहिनी म्हणाली.

"वहिनी, डोळ्यांनी बघितलंत ना? बाईंची लस आजारी मासा उठवते का?"

"नाही उठवत," डॉक्टरीण म्हणाली. "लस धडधाकट पिल्लाला द्यायची. त्याच्या अंगाला रोगाची ओळख झाली की पुढे ते लढतं. त्याला काही आठवडे लागतात."

"आठवडे!" गर्दी हसली.

वहिनी हसली नाही. वीज जाऊन पंप थांबला की मासे अश्शीच तोंडं वासतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "बाबा, पुन्हा एकदा करा. पाणी तुमचं, मंत्र तुमचा. फक्त या वेळी पंप लावायचा नाही."

"माझी परीक्षा बघतेस?"

"बघते."

तिने बटण बंद केलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. मासे तिचेच होते.

मासे वर आले. बाबांनी तांब्या रिकामा केला. मंत्राचा आवाज चढला, धापा काही थांबेनात. एक मासा कुशीवर झाला.

"तुमची श्रद्धा कमी पडतेय!" बाबा ओरडले.

"वहिनी, मरतील हो!"

"बाबा आहेत ना समोर, भावजी."

दुसरा मासा कलंडला. दिराने जाळी फेकली, वहिनीला बाजूला ढकललं आणि बटण दाबलं. पंप घरघरला, पाण्यात बुडबुडे उसळले. हळूहळू मासे सावरले. कुशीवर झालेला पहिला मात्र गेला, त्याचं वहिनीला फार वाईट वाटलं.

"भावजी, बाबांचे पाय धरायला का नाही धावलात?"

दिराचा हात अजून बटणावरच होता. तो त्या हाताकडे बघत राहिला. बाबा केव्हा सटकले, कुणाला कळलंही नाही.

"बाई," तो हळूच म्हणाला, "काढा ती लस."

पिल्लांना लस टोचली. अंगात ताकद येईपर्यंत ती हौदातच राहिली, मग धुऊन काढलेल्या टाकीत गेली. पुढे काय घडलं? काही नाही! मासे मेले नाहीत, बघायला कुणी आलं नाही. टळलेलं संकट दिसत नाही, म्हणून त्याच्याभोवती गर्दी जमत नाही. तेव्हा बाबांनो आणि बायांनो, यापुढे कुणी चालतं यंत्र बंद करायला सांगितलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: का?