वाटेतला सत्कार

आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन पुन्हा नाशिकलाच घ्यायची, असं एकमताने ठरलं. तरी हे अजून ठरलेलंच नाही असं समजून आपण सभेत बसू. सभेलाही तसंच बसवलं होतं.

शेवटच्या रांगेत संध्या होती. सुरगाण्याच्या डोंगरातली पोर. मागच्या वेळी शर्यतीत तीच सगळ्यांच्या पुढे होती. पहिल्या तिघींत आली असती तर देशाच्या संघाच्या निवडीला गेली असती. पण नाशिक रोडला स्वागत समितीने भर रस्त्यात मांडव टाकला होता. आपली पोरगी पुढे आहे म्हटल्यावर समितीचे अध्यक्ष रंगनाथअण्णा ढोलासकट आडवे आले. तिने हात जोडून सांगितलं, की मला पळायचंय. जोडलेले हात पाहून अण्णांना पोरीचे संस्कार आवडले. त्यांनी शाल घातली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलतो म्हणून माईक घेतला. त्या दोन शब्दांत केनियाच्या दोघी, इथिओपियाची एक आणि पोटात कळ आल्याने चालत निघालेली पुण्याची एक बाई, अशा चौघी पुढे गेल्या.

सत्काराचा नारळ रस्त्यावर टाकायचं वळण घरी नव्हतं. उरलेली शर्यत संध्या शाल-नारळ घेऊनच पळाली. पंचांनी तिला बाद केलं. कारण दिलं, वाटेत बाहेरच्या माणसाकडून खाद्यपदार्थ स्वीकारला.

"टाकून द्यायचा ना तो," तिचा बाप झिपरू म्हणाला होता. मग त्याच नारळाची चटणी त्याने गुमान खाल्ली.

सभेत मांडव कुठे आणि ढोल किती, यावर भरपूर बोलणं झालं. शर्यतीचा विषय वेळेअभावी राहिला. शेवटी अण्णांनी तिलाच उभं केलं.

"बोल पोरी, परत घ्यायची का?"

नाही म्हणावं तर निवडीची वाटच बंद. हो म्हणावं तर मांडव.

"घ्या अण्णा," ती म्हणाली. "फक्त मला थांबवू नका."

"तुला कोण थांबवतंय?" अण्णा गहिवरले आणि एवढं मोठं मन दाखवल्याबद्दल तिथल्या तिथे तिचा सत्कार केला. टाळ्या पडल्या. त्यालाच एकमत धरलं.

दुसरा नारळ बापाच्या हाती देऊन संध्या अर्ज लिहायला बसली.

"मा. अध्यक्ष, स्वागत समिती यांस. अर्जदार धावत असताना तिचा सत्कार करण्यात येऊ नये. सत्कार अपरिहार्य असल्यास अध्यक्षांनी शाल व श्रीफळासह अर्जदाराच्या बरोबरीने धावत तो उरकावा आणि मनोगत अंतिम रेषेपलीकडे व्यक्त करावे, ही नम्र विनंती."