रांगेतला विणकर

जरा खिडकीकडे बघा. मी हातमाग बोलतोय. वैमानिकाच्या खोलीतून डॉक्टरांच्या खोलीकडे जाताना तुम्ही माझ्या अंगावरूनच गेलात. असू द्या, मला त्याची सवय आहे.

हे मुलांचं संग्रहालय. इथे ‘हात लावू नये’ अशी पाटी नाही, उलट करून बघा असंच सांगतात. कुठे मुलं पांढरा कोट घालून बाहुलीचे दात तपासतात, कुठे लुटुपुटीचं विमान उतरवतात. हे दालन जुन्या कारागिरीचं. माझा शेजारी कुंभाराचं चाक. त्याच्याभोवती सदा झुंबड, कारण चिखलात हात घालायला कोणाला नको असतं? तिथून हात धुऊन झाले, की उरलेल्या वेळात मुलं माझ्याकडे येतात.

मला एका सुताराने घडवलं, एका तरुण विणकरासाठी. विणकराचं नुकतंच लग्न झालं होतं. तो सुताराला म्हणाला, “बसायची फळी जरा लांब ठेव.”

“एकट्याला एवढी कशाला?”

विणकर नुसताच हसला.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढे मी, मागे स्वयंपाकघर. धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा माझा धोटा दिवसभर खटखटायचा आणि त्या आवाजावर आवाज चढवून नवरा-बायको बोलायची. दोघांचं बिनसलं की बोलणं बंद. मग विणकर प्रत्येक धागा असा ठोकून बसवायचा, की माझी हाडं खिळखिळी व्हायची. संध्याकाळी बायको कापडावर बोट फिरवून म्हणायची, “आज वीण फारच घट्ट आहे. म्हणजे राग गेलेला नाही तर.” तेवढ्यावर त्याला हसू फुटायचं आणि भांडण मिटायचं.

त्यांची मुलगी माझ्याच फळीवर बापाला टेकून मोठी झाली. ती विणायला शिकली, पण पुढे नर्स झाली आणि मोठ्या गावी राहायला गेली. त्याचं विणकराला दुःख नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकाने सांगायचा.

मग त्याची बायको आजारी पडली, ती उठलीच नाही. तरी दुसऱ्या आठवड्यात तो माझ्यापाशी येऊन बसला. विणता विणता मध्येच थांबायचा आणि मागच्या खोलीकडे कान द्यायचा. तिकडून काहीच यायचं नाही. अशी किती वर्षं आम्ही दोघांनी काढली. पुढे त्याचे हात थरथरायला लागले आणि मुलगी त्याला न्यायला आली. तिच्या घरात मला जागा नव्हती.

“बाबा, मुलांच्या संग्रहालयातून विचारलंय,” ती म्हणाली. “तिथे मुलं यावर विणायला शिकतील.”

“शिकतील?”

“हो, असं म्हणाले ते.”

“मग देऊन टाक.”

असा मी इथे आलो. रोज कितीतरी हात मला लागतात, पण दोन-चार धागे विणून होतात न होतात तोच पुढचं मूल येतं. कोणाचं नावही कळत नाही. एवढ्या गलबल्यात मी एकटाच असतो.

आणि एक दिवस तो आला. मुलीचा हात धरून, पूर्वीपेक्षा बराच वाकलेला. इथल्या शिकवणाऱ्या ताईंना सगळं सांगायला मुलगी पुढे निघाली, तर त्याने तिचं मनगट धरलं. “नको. पोरांचा खोळंबा होईल.” आणि तो रांगेत उभा राहिला.

त्याची पाळी आली. ताई प्रेमाने म्हणाल्या, “बसा आजोबा. याला धोटा म्हणतात. या बाजूने त्या बाजूला सरकवायचा. घाबरू नका, मोडत नाही काही.”

“बरं,” तो म्हणाला.

पहिल्यांदा धोटा अर्ध्यातच अडकला. दुसऱ्यांदा नीट पार गेला. मग त्याला एक तुटलेला उभा धागा दिसला. कितीतरी दिवस तो तसाच लोंबत होता. विणकर तो बांधायला गेला, पण बोटं ऐकेनात. मागे चुळबुळ सुरू झाली.

“आजोबा, झालं का?” मागच्या मुलीने विचारलं.

“झालंच गं. एवढा तुटलेला बांधतो.”

ती त्याच्या दंडाखालून वाकून बघायला लागली. “गाठ दिसेल ना मग?”

“नाही दिसत. मागल्या अंगाला घ्यायची. हे बघ, अशी.”

“मला करू द्या ना.”

तो बाजूला सरकला. फळीवर दोघं मावली. तिने टोकं हातात घेतली, तेवढ्यात ताई म्हणाल्या, “आजोबा, बाकीची मुलं थांबलीत हं.” त्याने घाईने गाठ मारली आणि माझ्या खांबाला धरून उठला. हात मात्र लगेच काढला नाही.

ताईंनी त्याच्या सदऱ्यावर एक गोल स्टिकर चिकटवला. ‘आज मी विणकर झालो!’ त्याच्या लेकीने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याने सदरा लांब धरून ती अक्षरं वाचली, स्टिकर निघू नये म्हणून वरून हलकेच दाबला. “छान आहे,” तो म्हणाला.

दारापाशी त्याने ताईंना विचारलं, “यातलं कोणी परत येतं का हो, शिकायला?”

ताईंनी खरोखरच आठवून पाहिलं. “शाळेच्या सहली असतात ना, आजोबा. एकदाच येतात.”

“बरोबर आहे,” तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर तो आलेला नाही. माझ्यावरचं कापड वाढतं, ताई ते कापून कपाटात ठेवतात. ते कोणाच्या अंगावर जात नाही. त्यांचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. मुलं खूप आहेत, मी एकच आहे.

तुम्ही पुन्हा कधी आलात, तर सहलीची गर्दी नसेल तेव्हा या. बसा. घाई करू नका. धागा तुटला तर तुटू द्या, बांधता येतो. मला फार काही नको. एखाद्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत एकाच माणसाचे हात लागावेत, एवढंच वाटतं.