म्हातारीची चाल

चौथा हूक काही केल्या दोऱ्यात अडकेना. पांढऱ्या मोज्याच्या घोट्यापाशी असतो तो नखाएवढा पितळी तुकडा... तोकुजीने आयुष्यभर तो न बघता लावला होता. आज मात्र तो मान मोडून बघत बसला होता, कारण मोजा पायात नीट बसलाय की बोटांशी गोळा झालाय, हेच त्याला कळत नव्हतं. उजवा पाय. वसंतात अंगठ्याला मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या, आणि आता घोट्याखाली जे होतं ते दुसऱ्या कुणाचं तरी. साखरेने नसा गेल्यात, डॉक्टर म्हणाले, परत येतील असं धरून चालू नका.

"अहो, रक्त!" त्याची बायको फुमिए दारातच थांबली. मोज्यावर लाल ठिपका पसरत होता. तिने मोजा ओढून काढला, टाचेतून टाचणी उपसली. "एवढी आत गेली आणि तुम्हांला पत्ता नाही?"

"नाही."

"मग आज सेइगोदादांना सांगून टाका. रविवारचा प्रयोग ते करतील."

"आणि मी?"

"तुम्ही घरी. हातीपायी धड."

धड! ती चिडली की असंच बोलते, आणि मग दुसरा मोजा शोधायला जाते. पण रविवारची ती म्हातारी... नोह नाटकातली, मुखवटा घालून करायची ही भूमिका घराण्यातले वडीलधारे सत्तरीशिवाय कुणाला देत नाहीत. तिच्यासाठीच तर म्हातारं व्हायचं. झालो म्हातारा. आणि पायाने आत्ताच दगा द्यावा? मुखवटा चढला की डोळे गेलेच, दोन बारीक भोकांतून समोरचा खांब दिसला तर दिसला. मग स्टेजची कड कुठे, हे तळव्यांनीच सांगायचं. मंगळवारच्या वर्गाला तो हेच शिकवायचा – पाय उचलू नका, सरकवा. जमीन काय म्हणते ते ऐका. "आमच्याशी नाही बाई बोलत जमीन," पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणाल्या होत्या, आणि सगळे हसले होते, तोही.

प्रयोगाआधी तालीम एकच असते, ती आज. मुखवटा नसतो. सेइगो, त्याचा थोरला गुरुबंधू, त्याच्या मागे, भिंतीशी बसला. रविवारीही तो तिथेच बसणार – नट कोसळला तर त्याला बाजूच्या बुटक्या दारातून बाहेर काढायचं आणि मागे बसलेल्याने उठून त्याच ओळीपासून पुढे करायचं, नाटक थांबत नाही. सांगावं. तालमीआधीच सांगावं... पण ढोल वाजला आणि तो स्टेजकडे नेणाऱ्या लाकडी पुलावर आला, नजर चोरून फळ्यांकडे ठेवत. शी, नवशिक्यासारखी! उजवा पाय पुढे सरकवला. पोचला का? कोण जाणे. भार टाकावा की न टाकावा, तो तसाच अर्ध्यात राहिला, लाचार, आणि मग नाइलाजाने टाकला.

संपल्यावर सेइगो जवळ आला. आता शिव्या खाणार. पण त्याचे डोळे भरलेले.

"लेका, काय केलंस रे हे? पाय पुढे गेला आणि ती मागेच राहिली... काटा आला माझ्या अंगावर. इतकी वर्षं तू चालायचास, आज ती चालली."

"दादा, माझा पाय–"

"पायाला हात लावू नकोस! रविवारी अस्साच चाल. केसभरही बदल नको."

तोकुजी वाकला. नमस्काराला वाकतात तसा, आणि वर यायला त्याने उशीर केला. ते मी केलंच नव्हतं. गुडघा माझा, कंबर माझी, श्वास माझा, तिथलं सगळं मला ठाऊक आहे आणि तिथलं कुणाला काही दिसलं नाही. दिसलं ते जिथे मी नाही तिथलं. सांग ना, तोंड उघड... पण आत आनंद उसळत होता, निर्लज्ज, लहान मुलासारखा, आणि तो त्याला आवरता येईना.

बाहेर फुमिए छत्री घेऊन उभी होती. "सांगितलंत?" त्याने छत्री तिच्या हातून घेतली. चालताना उजव्या टाचेत कुठेतरी, अगदी खोल, बारीकसं टोचल्यासारखं झालं... की भास? तो जागच्या जागी थबकला. सहा महिने ज्या पायाला त्याने जागा हो, जागा हो म्हणून विनवलं होतं, त्याला तो आता मनातल्या मनात म्हणत होता – नको रे, एवढा रविवार होऊ दे.