पाच-आठचं माप

लग्नाच्या बोलणीत मुलाची उंची दोन इंच वाढवून सांगायची आणि ऐकणाऱ्याने मनातल्या मनात दोन इंच कापून धरायची, अशी कर्जत-खालापूरकडे रीत आहे. यात कोणी कोणाला फसवत नाही. जेवताना पाहुणा "बास" म्हणतो आणि वाढणारी आणखी एक भाकरी टाकते, तसंच हे.

कडावच्या विठूने मात्र चार इंच वाढवले. दोन रितीचे आणि दोन घाबरून. असली बोलणी मोतीबाई करायची. ती जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि विठू पहिल्यांदाच बायकोशिवाय परक्या ओटीवर पाहुणा म्हणून बसला होता. लोधिवलीच्या चांगो हवालदारांनी विचारलं, "मुलाची उंची?" विठूने सवयीने शेजारी बघितलं. शेजारी कोणी नव्हतं. मग त्याच्याच तोंडून निघून गेलं, "पाच-आठ."

त्याचा पोरगा विपुल पाच-चार होता. तोही सकाळी, झोपून उठल्यावर.

विठूला वाटलं, समोरचा दोन कापील आणि उरलेले दोन पोरगा जाड तळव्याच्या बुटांत भरून काढील. पण चांगो हवालदार फौजेत हाडं झिजवलेला माणूस. त्यांनी काहीच कापलं नाही. शब्द म्हणजे शब्द, पाच-आठ म्हणजे पाच-आठ. बरं, डोळ्यांनी तरी कळावं, तर हवालदार स्वतः सहा फुटांच्या वर. तेवढ्या उंचावरून खालची सगळी माणसं सारखीच दिसतात.

हवालदारांची रुचिता विपुलला पसंत, विपुल तिला पसंत. तुळशीची लग्नं आटोपल्यावर बापलेक साखरपुड्याची तारीख धरायला लोधिवलीला आले. येताना रिक्षात विठूने पोराला दम दिला होता, "बसून राहा. पाणी मागायला बी उठू नको."

ओटीवर पोचले तर तिथे चौक गावच्या शकूरभाईंनी दुकान मांडलेलं. शकूरभाईंचा धंदा चष्म्यांचा, पण डोंगरावर फिरायला येणाऱ्यांना ते दुर्बिणीही विकत. हवालदारांच्या रायफलीवरच्या दुर्बिणीला पावसाळ्यात आतून बुरशी आली होती, आणि माजी सैनिकांची लांब पल्ल्याच्या नेमबाजीची स्पर्धा तोंडावर होती. म्हणून शकूरभाईंनी मुंबईहून तीन नवीन दुर्बिणी पसंतीला आणल्या होत्या. रायफल आत कपाटात कुलपात होती. इथे नुसत्या दुर्बिणी, तांदळाच्या पोत्यावर ओळीने टेकवलेल्या.

"या पाव्हणं, बरे आलात," हवालदार म्हणाले. "रेटिकल निवडायचंय. रेटिकल म्हणजे आत डोळ्यासमोर जी खूण दिसती ती. बघा तुमी पण."

विठूने पहिलीला डोळा लावला. आत एक बारीक काळी फुली होती. दुसरीतही फुली, पण तिच्या चारी हातांवर मुंग्या चालल्यासारखी टिंबंच टिंबं. तिसरीत फुलीच्या खाली रेघांच्या फांद्या निघालेल्या, खाली खाली रुंद होत गेलेल्या.

"ही साधी फुली, ही टिंबंवाली, आणि हे सुरूचं झाड," शकूरभाई म्हणाले. त्यांचं मूळ गाव अलिबागकडे समुद्रावर, त्यामुळे कुठल्याही त्रिकोणी झाडाला ते सुरूच म्हणत. "हवालदारसाहेब, आता सांगा. पहिलं बरं दिसतं का दुसरं? दुसरं बरं का तिसरं?"

"शकूरभाय, मला चष्मा नाय करायचा."

"सवय हो. डोळा दिसला की तोंडातून निघतं."

"साधी फुली चांगली की," विठू आपला काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"साध्या फुलीनं नेम धरता येतो, अंतर नाय काढता येत," हवालदार म्हणाले. "ही टिंबं कशाला हायत? माणूस जेवढा लांब, तेवढा बारका दिसतो. त्याची उंची ठावकी असली की तो किती टिंबांत बसतो ते बघायचं. गणित केलं की अंतर हातात. फौजेत आमी हेच करायचो. फक्त उंची पक्की ठावकी पायजे."

आणि हवालदारांची नजर विपुलवर आली.

विठूने घाईने पोराच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"आपले जावईबापू पाच-आठ! घरचं माप असताना बाहेर कशाला जायचं? जा रं पोरा, त्या शिवेच्या दगडाशी उभा राहा. ओटीपासून दगडापर्यंत बरोबर दोनशे मीटर. माझ्या बापानं मोजणी करून घातलेला दगड हाय. ज्या दुर्बिणीत दोनशे येतील ती घेतली."

"त्याला ऊन लागंल," विठू म्हणाला.

"मोबाईलच्या टॉवरवर चढतो ना तो? त्याला कसलं ऊन?"

विपुलने बापाकडे बघितलं. बापाने छपराकडे बघितलं. विपुल गेला.

"हवालदार, माझं ऐका," विठू पोत्याजवळ सरकला. "टिंबं नको. टिंबांनी डोळ्याला भोवळ येती. आमच्या कडावात एकानं टिंबंवाली घेतली, त्याला आता ताटातला भात बी टिंबांचा दिसतो. फुली कशी, सोज्वळ असती. देवळात बी चालती."

"देवळात कोण रायफल नेतो?"

"नाय, पण न्यायची झाली तर."

शकूरभाई विठूकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांत इतक्या तळमळीने माल निवडणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि या माणसाला तर काही घ्यायचंही नव्हतं.

तोवर हवालदार पोत्यामागे पालथे पडून टिंबं मोजायला लागले होते. ते आकडा सांगत, शकूरभाई मोबाईलवर भागाकार करत. "दोनशे बारा," शकूरभाई म्हणाले.

"परत करा."

"परत दोनशे बारा. फोन नवीन आहे, साहेब."

हवालदार हळूहळू उठून बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. विठूला वाटलं, संपलं. आता विचारणार. पण हवालदारांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. व्याह्याच्या शब्दावर संशय घ्यायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. मग चुकलं कोण?

"बारा मीटर जादा," ते म्हणाले. "म्हणजे दगड बारा मीटर पुढं हाय. म्हणजे माझ्या बापानं दगड सरकवला."

"आं?" विठू म्हणाला.

"पलीकडं सुनितावहिनीचं शेत. माझ्या चुलतभावाची बायको, बिचारी एकटी बाई. दर साली मला शिराळी पाठवती, काकड्या पाठवती. आणि मी तिच्याच जमिनीत भात लावतो! पाव्हणं, माझा बाप चोर निघाला हो."

एवढा धिप्पाड माणूस, पण उपरण्याने डोळे पुसायला लागला. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता. हवालदारांनी उठून तो भिंतीकडे तोंड करून उलटा लावला.

विठूला फार वाईट वाटलं. पण खरं बोलावं तर पोराचं लग्न जातं. रुचिता ठरल्यापासून विपुल अंघोळ करताना गाणी म्हणायला लागला होता. मोतीबाई गेल्यावर त्या घरात पहिल्यांदाच कोणी गात होतं.

"टिंबं खोटी असतील," तो म्हणाला.

"माझा माल खोटा?" शकूरभाई भडकले. "लावा सुरूचं झाड! त्याच्या रेघा आणखी बारीक आहेत. साहेब, डोळे पुसा, ओल्या डोळ्यांनी तपासणी होत नाही."

ते झाड बसवताहेत तोवर विठू न्हाणीच्या आडोशाला गेला आणि त्याने पोराला फोन लावला.

"विपुल, दगडावर चढ."

"कशाला?"

"उंची कमी पडती रं. चार इंच पायजेत."

"बाबा, दगड एक फुटाचा हाय."

"मग गुडघ्यात वाक!"

"किती वाकू?"

हे विठूला सांगता येईना. "अदमासानं वाक," म्हणून त्याने फोन ठेवला.

अदमासाने वाकलेल्या माणसाला दुर्बिणीतून कोणी बघितलं तर तो संडासाला बसायच्या बेतात आहे असं वाटतं. हे विपुललाही सुचलं असावं. दुर्बीण आपल्याकडे वळली म्हटल्यावर लाजेने तो ताठ उभा राहिला. त्याची पँट करडी, दगडही करडा. दोनशे मीटरवरून पँट कुठे संपते आणि दगड कुठे सुरू होतो ते काही कळत नव्हतं.

"एकशे एकोणऐंशी," शकूरभाई म्हणाले.

हवालदारांनी स्वतः मोबाईल घेऊन भागाकार करून बघितला. एकशे एकोणऐंशीच. "शकूरभाय, झाडाच्या रेघा बारीक म्हणालात ना? टिंबांपेक्षा?"

"कितीतरी बारीक."

"म्हणजे झाड खरं." ते ताडकन उठले, वडिलांचा फोटो सुलटा केला आणि त्याला नमस्कार घातला. "बाबा, माफी करा. तुमी नाय सरकवला." मग त्यांची छाती फुगत गेली, कान लाल झाले. "म्हणजे त्या बाईनं सरकवला! एकवीस मीटर खाल्ले! आणि वर मला शिराळी पाठवती! म्हणून पाठवती! अगं रुचिता, माझी काठी कुठंय?"

"कशाला, बाबा?" आतून आवाज आला.

"शिराळ्याची भाजी करायचीय तुझ्या काकीची!"

काठी कोपऱ्यातच होती. हवालदार ती घेऊन पायऱ्या उतरले आणि बांधाबांधाने सुनितावहिनीच्या घराकडे निघाले. फौजेतली चाल. विठू मागून पळायला लागला, त्याच्यामागे शकूरभाई, कारण झाडाची दुर्बीण हवालदारांच्या काखेतच राहिली होती आणि अजून विकली गेली नव्हती.

"हवालदार, थांबा! वहिनीची काय चूक नाय!"

"तुमी मधी पडू नका, पाव्हणं. जमिनीचा मामला हाय."

"जमिनीचा नाय, पोराचा मामला हाय!"

हवालदार थांबेनात. पलीकडच्या अंगणात सुनितावहिनी पाटीत वाल निवडत बसली होती. दीर काठी घेऊन येताना बघून तिने हसून हाक मारली, "या भावजी, चहा टाकू?" विठूला ते बघवेना. पोराचं लग्न मोडलं तर पोरगा रडेल, पण ही बाई तर चहा टाकायला उठत होती. तो धावत पुढे गेला आणि अरुंद बांधावर हवालदारांसमोर हात पसरून उभा राहिला.

"पोरगा पाच-चार हाय!"

हवालदारांची काठी तशीच वर राहिली. "काय?"

"पाच-चार. पाच-आठ मी घाबरून बोललो. तुमी कापाल म्हणून जादा सांगितलं, तुमी कापलंच नाय! आता तो दगडावर उभा हाय. मीच चढवला. दगड जागेवर हाय, तुमचा बाप साधू, वहिनी देवमाणूस. मीच एक लबाड."

दगडावर विपुल अजून उभा होता, पुतळ्यासारखा. उतर म्हणून त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"पाच-चार धरून करा," हवालदार शकूरभाईंना म्हणाले. "टिंबांचा आकडा."

शकूरभाईंनी बांधावर उकिडवं बसून भागाकार केला. "दोनशे, साहेब. बरोबर दोनशे."

हवालदारांनी काठी खाली टेकली. त्यांना हसावं का रागवावं ते कळत नव्हतं, आणि फौजेत त्याचा हुकूम कोणी दिलेला नव्हता. तेवढ्यात रुचिता चपला न घालताच धावत आली.

"बाबा, कोणाला मारू नका!"

"तुझा नवरा पाच-चार हाय गं."

"ठावकी हाय मला," रुचिता म्हणाली. "मी पाच-साडेपाच हाय. मला त्याच्या डोक्यावरचा भोवरा दिसतो."

"आणि तुला चालतंय?"

"टॉवरवर चढणाऱ्याला उंची कशाला लागती?"

हवालदारांनी दगडाकडे बघितलं, घराकडे बघितलं, मग पोरीकडे. "माझ्या बापाची अब्रू पाच-चारनं राखली," ते म्हणाले. "पाच-आठ असता तर बाप चोर ठरला असता. मला पाच-चारच जावई पायजे. उतर रं खाली!"

सुनितावहिनीच्या अंगणातच चहा झाला आणि तारीखही तिथेच धरली. काठी कशाला आणली म्हणून तिने विचारलं, तेव्हा हवालदार म्हणाले, "कुत्री फार झालीत." तिने जाताना त्यांच्या हातात शिराळी दिली. ती त्यांनी मान खाली घालून घेतली.

"आता पाव्हणं," हवालदार विठूला म्हणाले, "आणखी काय लपवलं असंल तर आत्ताच सांगून टाका. मी कापत नाय, हे कळलं ना?"

विठूला तर एकदा खरं बोलून अंग हलकं झालं होतं. "म्हशी दोन सांगितल्या, एकच हाय. दुसरी शेजाऱ्याची, पण आमच्याच दारात उभी राहती. स्लॅबचं घर सांगितलं, तर स्लॅब पुढच्याच खोलीला हाय. पोरगा भाजी सगळी खातो सांगितलं, पण कारली बघून पळतो. मी दारूला शिवत नाय सांगितलं, तर होळीला..."

"वहिनी," हवालदार ओरडले, "साखर हाय का घरात? लौकर आणा!"

तिने डबा पुढे केला. त्यांनी चांगली मूठभर साखर घेतली आणि विठूचं तोंड बंद होईपर्यंत त्यात भरली.

"गोड मानून घ्या, व्याही," ते म्हणाले. "बाकीचं आमी कापून धरतो."