बिनमालकीचा चेंडू

चंद्रपूरच्या मैदानावर विभागाच्या बास्केटबॉल संघाची निवड होती आणि निवड करणाऱ्या वामनरावांनी चेंडूच्या आधी टेप बाहेर काढला. करिश्मा भिंतीला टेकून उभी राहिली. चार फूट दहा.

"हिले बॉल आणून द्यायले ठेवा," वामनराव म्हणाले. शेजारी वह्या घेऊन बसलेले दोघं निवडकर्ते हसले. हसणारच! जन्मात कधी बास्केटकडे मान वर करून पाहिलं नाही, पण पोरींची उंची मोजायला हे सगळ्यात पुढे.

करिश्माला अठरावं संपत आलं होतं. आज नाव लागलं नाही तर अठराच्या आतल्या या गटातला खेळ कायमचा बंद. धानोऱ्यात शिलाईचं दुकान चालवणारी नाहीद, एकेकाळची खेळाडू, तिला चार वर्षं शाळेमागच्या मातीवर शिकवत होती आणि आज सोबत आली होती. करिश्मा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारी, पास देणारी. पास द्यावा तर करिश्मानंच. टप्पे देताना चेंडू तिच्या गुडघ्याच्या वर येतच नसे. खोट एकच होती. समोरच्या पोरीचा चेंडू ती हिसकावत नसे.

सराव सामन्यात एकीचा पाय मुरगळला. तिच्या जागी खेळ चालवणारी दुसरी पोरगी मिळेना, तेव्हा नाक मुरडत करिश्माला आत सोडलं. समोर चंदा, पावणेसहा फूट. टप्पे देत निवांत यायची. चेंडू करिश्माच्या हाताशी यायचा आणि ही हात मागे घ्यायची. मध्यंतराला संघ आठ गुणांनी मागे.

"काऊन सोडून राह्यली तू? हाताशी आला होता ना!" नाहीद कडाडली.

"तिचा होता बाई."

"तिचा म्हंजे?"

"तिनं आणला ना इथपर्यंत. दुसऱ्याच्या झाडाखालचा मोह नाई वेचत आमी."

नाहीदचा राग जागच्या जागी थिजला. करिश्माच्या गावात प्रत्येक मोहाच्या झाडाला एक घर असतं. ते घर झाडाखालची जमीन झाडून ठेवतं. तिथली फुलं सडून जातील, पण दुसरं कोणी हात लावणार नाही. लहानपणी ओंजळभर उचलली म्हणून आईनं, धुरपतानं, तिला सगळ्यांदेखत परत ठेवायला लावली होती. आणि नाहीद चार वर्षं या पोरीला भित्री म्हणत आली होती!

"आन् आत जंगलात, ज्या झाडाले घर नाई?"

"तिथी ज्याचा हात पयले."

"मंग आयक. बॉल चंदाच्या हातात हाय तोवर तिचं झाड. हातातून सुटून जमिनीकडे गेला का आतलं जंगल. कोणाच्या बापाचं नाई."

करिश्मा बघतच राहिली. "हे पयले काऊन नाई सांगितलं?"

"तू पयले काऊन नाई बोलली?"

शिटी वाजली. चंदानं पहिला टप्पा टाकला आणि चेंडू वर आलाच नाही. तो करिश्माकडे होता, अर्ध्या मैदानापलीकडे! पहाटेपासून वाकून मोह वेचणारे ते हात. जमिनीच्या वीतभर वर त्यांच्याशी कोण स्पर्धा करणार? दुसरा टप्पा, तोही गेला. तिसऱ्याला चंदा चेंडू पोटाशी धरून उभी राहिली, आणि बाहेरच्या पोरी बाकावर चढून ओरडायला लागल्या, "टाक ना टप्पा, टाक!"

शेवटचे दहा सेकंद. करिश्माचा संघ एका गुणानं मागे. चंदानं टाकलाच टप्पा. करिश्मा खाली गेली, चेंडू घेऊन उठली, धावली. पुढे दोन उंच पोरी भिंतीसारख्या. तिनं वर पाहिलं, त्यांनी हात वर केले, आणि चेंडू त्यांच्या काखेखालून संघातल्या गुलाबकडे! गुलाबनं तो अलगद जाळीत सोडला.

मैदान दणाणलं. गुलाबनं करिश्माला उचलूनच घेतलं.

वामनराव वही उघडून आले. "नाव लिवतो. पण उंचीच्या रकान्यात पाच फूट टाकतो. चार दहा दिसलं का वरचे साहेब विचारतात."

करिश्मा धापा टाकत होती. तिनं घाम पुसला.

"चार दहाच लिवा, भाऊ. ते दोन इंच माहे नाई."