शटरआडची हवा

दीपमालाने आयुष्यात बर्फ पाहिला तो उसाच्या रसात आणि गोळेवाल्याच्या रंध्याखाली. तरीही मार्चअखेरच्या त्या दुपारी, नागपूरचा पारा चाळिशीला टेकलेला असताना, ती बर्फावर धावणाऱ्या गाडीचं दुखणं शोधत बसली होती.

गाडी होती काश्मीरच्या डोंगरात, एका बचाव पथकाकडे. पाय मोडलेल्या, वाट चुकलेल्या माणसांना ती खाली आणायची. उंचावर हवा विरळ, इंजिनाला दम लागायचा, म्हणून पथकाने यंदा तिला टर्बो बसवला होता. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलही त्या बेताने वाढवावं लागतं, आणि ते प्रमाण जुळवून देणं हे दीपमालाचं काम. तिथला मिस्त्री शब्बीर इंजिनाची नोंद पाठवायचा, ती नागपूरच्या इतवारीतल्या आपल्या पुढच्या खोलीत लॅपटॉपवर बदल करून परत धाडायची.

शब्बीरने तिचे मोटरसायकल दुरुस्तीचे व्हिडिओ पाहून तिला गाठलं होतं आणि प्रमुखापाशी तिच्यासाठी शब्द टाकला होता. इथे गल्लीतले लोक गाडी घेऊन यायचे, तिचे ग्रीसने माखलेले हात बघायचे आणि तिलाच विचारायचे, "मिस्त्री कुठाय?" तिकडे मात्र एका माणसाने न भेटता विश्वास टाकला, याचं तिला भारी अप्रूप होतं. तोच विश्वास आता मातीत जायची वेळ आली होती. प्रमुखाने शब्बीरला सांगून टाकलं होतं की आज संध्याकाळपर्यंत गाडी बर्फाचा चढ चढली नाही तर टर्बो काढायचा आणि नागपूरच्या त्या बाईचा नादही सोडायचा.

भानगड अशी, की मीटर आणि इंजिन एकमेकांविरुद्ध साक्ष देत होते. धुराच्या नळीतला नवा सेन्सर मीटरवर दाखवे, हवा जास्त, पेट्रोल कमी. दीपमालाने पेट्रोल वाढवलं, तर गाडी आणखीच बसली. पुन्हा वाढवलं, तर प्लग तव्याच्या बुडासारखे काळेकुट्ट निघाले. पेट्रोल कमी पडत असेल तर प्लग काळे होतील कशाला? नळीला कुठे चीर पडून बाहेरची हवा शिरत असेल, म्हणून शब्बीरने सांध्यांवर साबणाचं पाणी मारून पाहिलं. एक बुडबुडा नाही. वायरी पाहिल्या, अर्थिंग पाहिलं. सगळं ठणठणीत, आणि मीटर काही आपला हेका सोडेना.

"चालू करा, आवाज ऐकू द्या," ती व्हिडिओ कॉलवर हिंदीत म्हणाली. नेमका तेव्हाच गल्लीत एक टेम्पो हातठेल्यांमध्ये अडकून भोंगा वाजवू लागला. तिने चिडून खिडकी लावून घेतली आणि फोन कानाशी धरला.

थोड्या वेळाने तिची आई मनकर्णाबाई ताक घेऊन आली आणि दारातच थबकली.

"काहून वं, खिडकी काहून लावली? कूलर चालू अन् खिडकी बंद! तेच ते हवा खोलीत फिरून राहिली. जीव गुदमरून जाईन ना!"

"माय, गाडीचा आवाज ऐकून राहिली मी."

"त्या बर्फाच्या गाडीचं तुले इथून काय समजते?" असं म्हणत आईने पेला तिच्या हातात दिला आणि खिडकी खाडकन उघडली.

खोलीत मोकळा वारा आला. दीपमालाचा ताकाचा पेला तोंडाशीच राहिला. तिने फोन डोळ्यांसमोर धरला. शब्बीरच्या मागचं शटर खालपर्यंत ओढलेलं, काचेवर वाफ, कोपऱ्यात बुखारी, म्हणजे तिथली लाकडाची शेगडी, पेटलेली, आणि तो सारखे डोळे चोळत होता.

"शब्बीरभाई, आधी इंजिन बंद करा. नवा सेन्सर बसवला त्या दिवशी शटर असंच बंद होतं?"

"हाँ दीदी. खुला रखते तो जम जाते. बुखारी भी जल रही थी, दूसरी गाड़ी भी चालू थी."

नवा सेन्सर बसवण्याआधी एकदा ताज्या हवेत धरावा लागतो, म्हणजे ताजी हवा कशी असते हे मीटरला कळतं. शब्बीरने धुराने भरलेल्या गॅरेजात सेन्सर धरला आणि मीटरने तीच हवा ताजी मानली. त्यानंतर त्याला सगळीकडे हवा जास्तच दिसायला लागली. दीपमालाने सांगताना फक्त "सेन्सर हवेत धरा" एवढंच सांगितलं होतं. बाहेर जाऊन धरा, असं म्हणायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. शटर लावून काम करणारा मिस्त्री नागपुरात तिने पाहिलाच कुठे होता?

प्रमुख शब्बीरच्या शेजारी येऊन उभा होता. गप्प राहावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग ती म्हणाली, "चूक माझी आहे. मी नीट सांगितलं नाही. शटर उघडा."

शटर वर गेलं, बर्फ आत घुसला. शब्बीर सेन्सर आणि मीटर घेऊन पार उघड्यावर गेला. परत येऊन त्याने सेन्सर बसवला, गाडी चालू केली, आणि मीटरने मुकाट्याने कबूल केलं की पेट्रोल फार होतंय. आता प्लग आणि मीटर एकच बोलत होते. दीपमालाला इतकं हलकं वाटलं की ताक तिने एका घोटात संपवलं. वाढवलेलं सगळं पेट्रोल तिने लॅपटॉपवर कमी करून बदल परत धाडला. शब्बीरने नवे प्लग लावले, फोन प्रमुखाकडे दिला आणि गाडी बाहेर नेली.

गाडी गुरगुरली, बर्फ उडवत चढ चढू लागली आणि बघता बघता वरच्या देवदारांपाशी जाऊन उभी राहिली. खाली पथकातली माणसं ओरडत होती. मग फोनवर प्रमुखाचा चेहरा आला. आजवर तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"मिस्त्रीजी," तो म्हणाला, "हमारी दूसरी गाड़ी भी आप ही देखिए."

दीपमालाचे डोळे भरून आले. तिने ते लपवले नाहीत. रिकामा पेला न्यायला आलेली आई पेला हातात घेऊन तशीच उभी होती.

तेवढ्यात दाराशी मोटरसायकल थांबली. एका माणसाने आत डोकावून विचारलं, "मिस्त्री कुठाय?"

"समोर बसून हाय, दिसत नाही काय गा?" मनकर्णाबाई कडाडली. "थांब जरासा. माही पोरगी बर्फाच्या गाडीवाल्यांशी बोलून राहिली."